आज आईसुद्धा पंगतीत!

गोष्ट गेल्या वर्षीची आहे. धाकटीच्या शाळेत निबंध दिला होता, 'माझी आई'. मी स्वतः एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते, त्यामुळे या विषयाखाली काय मजकूर असणार हे मला न वाचताच ठाऊक असतं. आई पहाटे उठते, डबा करते, अभ्यास घेते, मला माझी आई खूप आवडते. झालं! तरी पोटची पोर ती, वही कौतुकानं उघडली. सगळं ठरल्याप्रमाणे होतं. फक्त शेवटून तिसरं वाक्य असं होतं : 'माझ्या आईला गार पोळी आवडते, म्हणून ती सगळ्यांच्या नंतर जेवते.'

मैत्रिणींनो, आधी मी हसले. बाईंनीही पानाच्या शेवटी लाल शाईनं 'छान' असा शेरा दिला होता. पण रात्री ओटा पुसताना ते वाक्य काही डोक्यातून जाईना. गार पोळी कुणाला हो आवडते? नऊ वर्षांत त्या पोरीनं मला तव्यावरची पोळी ताटात घेऊन खाताना पाहिलंच नव्हतं. मग तिनं आपल्या बुद्धीनं त्याचा अर्थ लावला. तिची काय चूक?

तुम्ही म्हणाल, लेखाचा विषय पिझ्झा आणि ही बाई पोळीचं रडगाणं काय गाते आहे! सांगते. आमच्या घरी 'आपापला पिझ्झा आपण करा' असा बेत मी दोनदा केला. पहिल्यांदा तो साफ फसला आणि दुसऱ्यांदा मनासारखा झाला. दोन्ही वेळा पिझ्झे उत्तमच झाले होते. फरक कुठे पडला, तेच तुम्हाला सांगायचं आहे. कृती आणि प्रमाणही देते, म्हणजे वाचून नुसतं सोडून द्यायला नको.

पहिला बेत

दिवाळीच्या सुट्टीत धाकटे दीर, जाऊबाई आणि त्यांची दोन मुलं पुण्याहून आमच्याकडे साताऱ्याला आली होती. फराळाला सगळे कंटाळलेले. मुलांनी पिझ्झ्याचं टुमणं लावलं. आता मोबाईलवर बोट लावलं की खोकी दारात येतात हे खरं, पण नऊ माणसांचं बिल पाहून आमच्या ह्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मीच उत्साहानं म्हटलं, "घरीच करू या. मी सगळी तयारी करते, प्रत्येकानं आपल्याला हवं ते घालून आपापला करायचा. मुलांना गंमत आणि मला आराम!"

आराम! अहो, सकाळी सातला टोमॅटो उकडायला ठेवले ते दुपारी तीनपर्यंत मी ओट्यापाशी. कांदा, सिमला मिरची, मका, पनीर, मशरूम, टोमॅटो असं सगळं चिरून अकरा वाट्या मांडल्या. पीठ तिंबलं. संध्याकाळी मुलांनी हौसेनं वाट्या रित्या केल्या, म्हणजे अर्ध्या पिझ्झ्यावर आणि अर्ध्या सतरंजीवर. पण भाजणार कोण? मी. आमच्या ओव्हनमध्ये एका वेळी एकच मावतो. कच्च्या पोळीपासून एकेकाला बारा मिनिटं. नऊ पिझ्झे. तुम्हीच हिशेब करा! पहिल्याचं खाऊन हात धुऊन झालं तरी पाचवा अजून 'माझा कुठाय, माझा कुठाय' करत उभा. शेवटचा माझा. तो मी पावणेअकराला, चीजचं चामडं झाल्यावर, उभ्यानंच खाल्ला.

आणि तेवढ्यात हे पाणी प्यायला आत आले आणि अगदी मनापासून म्हणाले, "छान झाला हं कार्यक्रम! तुला काही करावंच लागलं नाही."

मी काही बोलले नाही. मोरीत वीस-बावीस वाट्या, दोन पाती, चीज चिकटलेली ताटं. नळ मोठा सोडला आणि घासत बसले. ह्यांना वाईट म्हणू नका हं. त्यांना खरंच तसं वाटलं होतं. सगळ्यांनी 'आपापला' केला होता ना! तयारी, भाजणं आणि आवरणं हे करण्यात धरायचं असतं, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

पिझ्झा मुळात कुणाचा?

पुढे जाण्याआधी थोडं या पदार्थाविषयी. पिझ्झा हे आपण श्रीमंती खाणं समजतो, पण तो मूळचा इटलीतल्या नेपल्स शहरातल्या गोरगरिबांचा. रस्त्यावर विकत घ्यायचा आणि उभ्या उभ्या खायचा, आपल्याकडच्या वडापावासारखाच. १८८९ मध्ये राणी मार्गेरिता नेपल्सला आली असता तिच्यासाठी टोमॅटो, पांढरं चीज आणि हिरवी पानं घालून पिझ्झा केला, म्हणून त्याला तिचं नाव मिळालं अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरीखोटी कशीही असो, तीन जिन्नसांचा तो साधा पिझ्झा आजही खूप लोकप्रिय आहे. तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला युनेस्कोने २०१७ मध्ये मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा दिली.

यातली आपल्या उपयोगाची गोष्ट अशी, की तिथल्या लाकडाच्या भट्टीत उष्णता साडेचारशे अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि पिझ्झा दीड मिनिटाच्या आत तयार होतो. आपला घरचा ओव्हन फार तर अडीचशे अंशांपर्यंत जातो. म्हणून आपल्याला वेळ लागतो आणि म्हणूनच घरी रांग लागते. हा काही आपल्या उरकाचा दोष नव्हे! यावर उपाय एकच : पोळी आधी अर्धी भाजून ठेवायची आणि तवेही कामाला लावायचे.

पीठ आणि सासूबाईंचा हात

आठ इंची दहा पिझ्झ्यांसाठी ७०० ग्रॅम मैदा आणि ३०० ग्रॅम कणीक घ्या. निव्वळ मैद्याचा जास्त हलका होतो, पण कणीक घातली की चवही बरी लागते आणि आपल्या जिवालाही बरं वाटतं. त्यात २ चहाचे चमचे इन्स्टंट यीस्ट, २ चमचे साखर, ३ चमचे मीठ आणि ४ मोठे चमचे तेल. पाणी अंदाजे ६०० मिलिलिटर. ते एकदम ओतू नका, कारण पीठ किती पाणी पितं हे पिठावर ठरतं. जाड दाण्याचं यीस्ट असेल तर ते आधी कोमट पाण्यात साखरेबरोबर दहा मिनिटं भिजवा. फेस आला तर यीस्ट जिवंत, नाही आला तर पुढचा खटाटोप करू नका, दुसरं आणा. पाणी बोटाला सुखद लागेल इतपतच कोमट हवं. कढत पाण्यात यीस्ट मरतं आणि मग पीठ रात्रभर ठेवलंत तरी फुगायचं नाही.

आता पुढचं महत्त्वाचं. हे पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल असतं आणि दहा मिनिटं चांगलं तिंबावं लागतं. पहिल्यांदा मी ते घाईघाईत मळलं होतं. दुसऱ्या वेळी मी परात सासूबाईंपुढे ठेवली.

याला थोडी पार्श्वभूमी आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्या वेळी आम्ही त्यांना गॅसपाशी जाऊ नका म्हटलं, ते काळजीपोटीच. पण ऑपरेशन झालं, दृष्टी स्वच्छ झाली आणि आमची बंदी मात्र तशीच राहिली. ज्या बाईनं चाळीस वर्षं वीस-वीस माणसांचा स्वयंपाक उरकला, ती दिवसभर टीव्हीसमोर वाती वळत बसायची. मी म्हटलं, "आई, एवढं पीठ तिंबून द्याल का? माझा हात दुखतोय." हात दुखत नव्हता. त्यांनी परात मांडीशी ओढली, बोट रोवून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे तर आपल्या पुरणपोळीच्या कणकेचंच नातं की गं! एवढं घट्ट कशाला ठेवलंस? पाणी आण." आणि असं काही तिंबलं, की ताणला तर गोळा फाटेना. पुस्तकात जी दहा पानं लिहिलेली असतात, ती त्यांच्या तळहाताला पाठ होती.

तिंबलेल्या पिठाला तेलाचा हात लावून, ओलं फडकं झाकून ठेवा. आपल्याकडच्या हवेत सव्वा ते दीड तासात ते दुप्पट होतं. थंडीत दोन तास धरा. मग दहा गोळे करा.

सॉस : आदल्या दिवशीच

एक किलो लांबट, कमी रसाचे, लालभडक टोमॅटो. पाच मिनिटं उकळून साल काढा आणि हातानंच कुस्करा. तीन चमचे तेलात ८-१० लसूणपाकळ्या ठेचून परता. करपू देऊ नका, कडू होतात. त्यावर टोमॅटो, मीठ, चिमूटभर साखर, लाल मिरचीचा चुरा घालून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं आटवा. थेंबभर ताटलीत टाकून पाहा. भोवती पाणी सुटत नसेल तर झाला.

ज्यांच्या घरी कांदा-लसूण चालत नाही, त्यांनी लसूण वगळून वेगळ्या पातेल्यात आटवावा. आमच्या सासूबाईंचा चातुर्मास कडक असतो, तेव्हा मी असंच करते. चमचाही वेगळा ठेवते. आणि चीज घेताना पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून घ्या. काही चीज करताना जनावरांपासून मिळणारं विरजण वापरतात, शाकाहारी घरात हे माहीत असलेलं बरं.

आता वासाचं. त्या सुवासिक पानांच्या पुड्या महाग पडतात म्हणून हिरमुसू नका. आपण गजऱ्यात जो मरवा माळतो ना, तो त्या ओरेगॅनोच्याच कुळातला, अगदी जवळचा भाऊ. फुलवाल्याकडचा मात्र नको, त्यावर काय मारलेलं असेल सांगता येत नाही. कुंडीत लावलेला असेल तर चार काड्यांची पानं सॉसमध्ये चुरडा. आणि इटलीत जी हिरवी पानं वर घालतात, ती आपल्या सब्जाच्या रोपाची. फालुद्यात ज्याचं बी घालतो तोच सब्जा! तुळशीला हात लावावा लागत नाही, की सासूबाईंची बोलणीही खावी लागत नाहीत.

वरचं साहित्य : पाचच वाट्या

अकरा वाट्यांचा मोह टाळा, हा माझा अनुभवाचा सल्ला. पाच पुरे होतात : कांदा, सिमला मिरची, उकडलेला मका, तिखट-मीठ लावलेलं पनीर आणि बिया काढलेला टोमॅटो. मशरूम घ्यायचे असतील तर आधी कोरडे परतून घ्या, नाहीतर ते पिझ्झ्यावर पाणी सोडतात. जितकं जास्त घालाल तितकी पोळी ओली राहते, हे मुलांना आधीच सांगा. ऐकणार नाहीत, पण सांगा.

चीज दहा पिझ्झ्यांना ८०० ग्रॅम. तार सुटायला मोझरेला लागतं. ते करतानाच दही-गोळा गरम पाण्यात ओढून ताणतात, म्हणून ते तसं ताणलं जातं. नेहमीचं डब्यातलं चीज वितळतं पण तार देत नाही. दोन्ही मिसळलंत तरी चालतं. पनीर आणि चीज अगदी आयत्या वेळी फ्रीजमधून काढा. उन्हाळ्यात दीड-दोन तासांवर बाहेर ठेवू नका.

भाजण्याचं गणित

हा भाग कृपा करून दोनदा वाचा. सगळी गंमत इथेच आहे.

गोळा लाटून किंवा हातानं थापून आठ इंची पोळी करा, काट्यानं टोचे मारा आणि मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी दीड-दीड मिनिट भाजून ठेवा. रंग येऊ द्यायचा नाही, फक्त कच्चेपणा जायला हवा. अशा दहा पोळ्या दोन तव्यांवर वीस मिनिटांत होतात. या कापडात गुंडाळून ठेवल्या की निम्मी लढाई जिंकली.

मग ओव्हन २३० अंशांवर पंधरा मिनिटं आधीच तापत ठेवा. त्याला मोठ्या, १६ अँपिअरच्या प्लगमध्येच लावा आणि त्या वेळी गीझर किंवा इस्त्री चालू ठेवू नका, नाहीतर ऐन वेळी अंधार! अर्ध्या भाजलेल्या पोळीवर साहित्य घातलं, की ओव्हनमध्ये सात मिनिटं पुरतात. शिवाय शेजारी दोन जाड तवे, बिडाचे असतील तर फारच छान. तव्याला तेलाचं बोट लावा, सजवलेला पिझ्झा ठेवा, वर खोलगट झाकण घाला, आच मंद करा. सहा-सात मिनिटांत चीज वितळतं आणि खालची बाजू खरपूस होते. ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी बिलकूल खंत करू नये. खरं सांगायचं तर आमच्या घरी तव्यावरचेच आधी संपले.

म्हणजे एका फेरीत तीन पिझ्झे. नऊ माणसांना तीन फेऱ्या. सात त्रिक एकवीस, वर थोडी धावपळ धरली तरी अर्ध्या तासात सगळे तयार. पहिल्या बेताला पावणेदोन तास लागले होते!

आणि आता शेवटचा, पण सगळ्यात मोलाचा नियम : प्रत्येक पिझ्झ्याचे चार तुकडे करायचे. पहिला तुकडा ज्याचा पिझ्झा त्याला, बाकीचे तीन मधल्या ताटात, सगळ्यांसाठी. तीन पिझ्झे आले की बारा तुकडे होतात आणि माणसं नऊ. म्हणजे पहिल्याच फेरीला प्रत्येकाच्या हातात गरम घास! कुणी ताटकळत नाही, कुणी एकटा खात नाही, आणि काकूनं काय घातलं होतं, आजीचा कसा लागतो, हेही सगळ्यांना कळतं.

चिठ्ठ्या

दुसरा बेत मे महिन्यात ठरला, माणसं तीच. या वेळी मी स्वयंपाकघरात जाण्याआधी कागद-पेन घेऊन बसले. शाळेत गॅदरिंगला कामं वाटून देतो तशा नावानिशी चिठ्ठ्या केल्या. बाजार : हे. पीठ : सासूबाई. चिरणं : जाऊबाई आणि मी. पोळ्या अर्ध्या भाजणं : आमचा चौदा वर्षांचा चिरंजीव. वाट्या मांडणं, पाणी भरणं : तिन्ही लहान मुलं. पहिली फेरी भाजणं : हे. दुसरी : भावजी. तिसरी : पुन्हा चिरंजीव. भांडी : दोघे भाऊ. सॉस मी आदल्या रात्री करून ठेवला होता, ते मी आनंदानं केलं.

भाजणं एकावर टाकलं नाही, हे लक्षात घ्या. एकानंच उभं राहायचं म्हटलं तर माझ्या जागी दुसरं कुणी गार जेवणार, एवढाच फरक. काम कुठे जात नसतं हो, ते कुणाच्या तरी पायावर उभं असतंच. ते सात-सात मिनिटांचं झालं की कुणालाच जड होत नाही.

चिठ्ठी वाचून हे म्हणाले, "अगं, मला कुठे येतं भाजायला?"

मी म्हटलं, "अहो, मलाही कुठे येत होतं? लग्नानंतरच शिकले."

सासूबाई खुदकन हसल्या. विषय संपला.

सगळं काही सुरळीत झालं असं मुळीच नाही. बाजारातून मोझरेलाच्या गोळ्याऐवजी चीजच्या चकत्या आल्या. माझ्या तोंडावर आलं होतं, 'एक काम धड...' पण जीभ आवरली. चकत्या फाडून घातल्या, तार सुटली नाही, कुणाचं काही अडलं नाही. ह्यांनी पहिला पिझ्झा आच मोठी ठेवून खालून कोळसा केला. दहावा गोळा त्यासाठीच तर असतो! त्याही वेळी मी उठले नाही. मैत्रिणींनो, खरं सांगते, पीठ तिंबण्यापेक्षा, सॉस आटवण्यापेक्षा, या सगळ्या बेतात अवघड काही असेल तर ते हे – न उठणं. धुराचा वास आला की आपले पाय आपोआप वळतात. मी दोनदा अर्धी उठले. दुसऱ्यांदा सासूबाईंनी माझा पदर धरला आणि म्हणाल्या, "बस गं. जळू दे एखादा. आमच्या वेळी असं बस म्हणणारं कुणी नव्हतं."

एवढंच बोलल्या. पण मी पाहिलं, त्याही सगळ्यांबरोबर सतरंजीवर बसल्या होत्या, पुढ्यात ताट होतं. चाळीस वर्षांत पहिल्या पंगतीत त्या किती वेळा बसल्या असतील? हळदीकुंकवाला, माहेरी, आणि कुठे?

त्यांनी आपल्या पिझ्झ्यावर सॉसऐवजी कोथिंबीर-खोबऱ्याची हिरवी चटणी फासली आणि वर पनीर पसरलं. मुलांनी आधी नाकं मुरडली. चार तुकडे झाले, मुलांनी चाखले, आणि तिसऱ्या फेरीला तिघांनी तोच मागितला.

माझा पिझ्झा दुसऱ्या फेरीतला. आकार म्हणाल तर भारताच्या नकाशासारखा. भावजींनी तव्यावरून थेट ताटात टाकला, "घ्या वहिनी, तुमचा." घाईनं चावा घेतला आणि टाळू भाजली. डोळ्यांत पाणी आलं. धाकटी माझ्याकडे टक लावून बघत होती. म्हणाली, "आई, तू गरम खातेस?"

"हो," मी म्हटलं, "मला गरमच आवडतं. पोळीसुद्धा."

"मग सांगितलं का नाहीस?"

याला काय उत्तर देणार! मराठीची शिक्षिका असून एक वाक्य सुचलं नाही.

आणि नंतर?

एका पिझ्झ्यानं घर बदलतं असं मी लिहिणार नाही. तुम्हीही घरसंसारवाल्या आहात, तुम्हाला ते पटायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोळ्यांच्या वेळी पुन्हा मी उभी आणि सगळे बसलेले. पुढचा महिना तसाच गेला. पण मग एका रविवारी धिरडी होती, तेव्हा मी नुसतं म्हटलं, "चिठ्ठ्या काढू या का?" चिरंजीवानं आपणहून उलथणं घेतलं. आता रविवारी रात्री आमच्याकडे तव्यावरचं काहीतरी असतं. कधी धिरडी, कधी थालीपीठ, कधी डोसे. आणि उभं राहणारा फेरीफेरीनं बदलतो. आठवड्यातून एकच दिवस. पण त्या दिवशी मी गरम जेवते, आणि सासूबाई परात मांडीशी ओढून बसतात. त्यांना गॅसपाशी जायची बंदी मी उठवली आहे. डॉक्टरांनी ती मुळी घातलीच नव्हती!

पिझ्झ्याचा बेत मात्र वर्षातून दोन-तीनदाच. मैदा आणि चीज हे रोजचं खाणं नव्हे. उरलेलं पीठ डब्यात घालून फ्रीजमध्ये दोन दिवस राहतं. तिसऱ्या दिवशी आंबूस होतं, तेव्हा त्याआधीच लसूण-कोथिंबीर लावून त्याचे लहान पाव भाजून टाका.

तुम्ही हा बेत करणार असाल तर साहित्याची यादी करण्याआधी माणसांची यादी करा. कुणी काय करायचं ते लिहून, वाचून दाखवा. भांडी कोण घासणार हे सर्वात आधी लिहा, कारण तेच सगळे सर्वात शेवटी विसरतात. लहानांना ओव्हन आणि तव्यापासून लांबच ठेवा, वाट्या-ताटल्या त्यांच्याकडे द्या. पहिला पिझ्झा जळेल, जळू द्या. चीज चुकीचं येईल, येऊ द्या. आणि आपण? आपण खाली बसायचं, पाय मोकळे सोडायचे, आणि आपला तुकडा तोंड भाजेल इतका गरम खायचा.

तुमच्या घरी तुमच्याविषयी निबंध लिहिणारं कुणी ना कुणी असेलच. त्याला खरं काय ते एकदा दिसू द्या.